मशीन सुरू होतानाची हाक

४ नोव्हेंबर, मंगळवार

स. ७.०५ ला कॉम्प्युटरचं बटण दाबलं. व्यायाम सुरू झाला ७.२८ ला. तोवर बाबांची मान खाली गेलेली.

सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या ताई, बाबांना बोलायला शिकवतात त्या, परत परत सांगतात, उठल्यावर लगेच करून घ्या, तेव्हाच ते ताजे असतात. त्यांनी पेन ड्राइव्हवर चित्रं आणि आवाज दिलेत. आ. ई. ऊ. मग पाणी, भाकर, चहा. फोनवर दाखवून पाहिलं, बाबा बघतच नाहीत. त्यांची खुर्ची, त्यांचं टेबल, त्यांची मशीन. तिथे बसले की पाठ ताठ होते, ऑफिसात असल्यासारखी. पण मशीन उठेपर्यंत माणूस दमतो.

मधेच नेहमीची हाक आली. स्पीकरमधून, बाबांच्याच आवाजात: "अवं, चहा मांड वं! मशीन सुरू झाली!"

स्वयंपाकघरातून आई, "हो." गॅस पेटल्याचा आवाज.

जुलैत लकवा मारला तेव्हापासून बाबांचा आवाज घरात एवढाच. चार सेकंद.

५ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजातून येताना वानखेडेंच्या दुकानात थांबले. बाबांनी मशीन यांच्याकडूनच घेतली होती, निवृत्त झाले त्या वर्षी.

"मॅडम, विंडोज सेव्हन आता म्हातारं झालं. नवीन घेऊन टाका."

म्हटलं, नवीन नको. बाबा नव्यासमोर बसणार नाहीत.

"मंग एक करा. साहेबांनी इतक्या वर्षांत काय काय भरून ठेवलं असन, ते सगळं सुरू होतानाच उठून बसते. एकाच वेळी पन्नास लोक दारातून घुसले त कसं होईन? तसं."

कागदावर लिहून दिलं. स्टार्ट. खालच्या चौकटीत msconfig. मग स्टार्टअपचा टॅब. नको त्याची टिक काढायची.

"नको ते कसं ओळखायचं?"

"कंपनीच्या रकान्यात अननोन लिहून असन ते बिनधास्त काढा. अँटिव्हायरस ठेवजा फक्त."

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बसले. एकतीस नावं.

वाचता वाचता हसू आलं आणि मग नाही आलं. पंचांग. रेल्वेचं वेळापत्रक. बुद्धिबळ. इंग्रजी-मराठी शब्दकोश. भंगारात दिलेला प्रिंटर. नेटचा डोंगल, ज्याची कंपनीच आता नाही. कॅमेरा, दादा दुबईला गेला तेव्हा त्याला बघायला घेतलेला.

मशीन काहीही विचारो, बाबा 'येस' दाबायचे. येस, नेक्स्ट, येस. मी ओरडायचे, अहो बाबा, वाचून तरी बघा. तर म्हणायचे, "ते बिचारी एवढं विचारून राह्यली, तिले नाई कसं म्हनाव?" पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकून. समोर आलेला अर्ज परत करणं त्यांना कधी जमलं नाही.

एकेक टिक काढली. कॅमेऱ्यापाशी थांबले थोडी. काढली. अननोनवाले तीन होते, तेही काढले. ओके. मशीननं विचारलं, आता रीस्टार्ट करू? मी येस दाबलं.

साडेचार मिनिटं!! घड्याळ लावून बघितलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

७.१० ला व्यायाम सुरू. बाबा जागे, डोळे पडद्यावर. 'ऊ'ला ओठ पुढे आले, डावीकडून. आवाज नाही आला, पण ओठ आले. चार वेळा. मी बाळासारख्या टाळ्या वाजवल्या, मग लाजले.

पावणेआठ झाले तरी चहा नाही. आत जाऊन बघते तर आई ओट्यापाशी उभी. पातेल्यात पाणी, हातात लायटर.

"आई, चहा?"

"हाक नाई आली ना."

तिनं हे इतकं साधं म्हटलं.

तीन अननोनपैकी एक बाबा होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

यादी उघडून शोधलं. Rec003. कंपनी, अननोन. नुसत्या नावावरून मला कसं कळावं? पण मी आवाज ऐकत होते रोज. तो कुठून तरी येत असणार, एवढंही डोक्यात आलं नाही.

तो रेकॉर्ड केला तो दिवस आठवतो. मशीन सुरू केली की चहा हवा, आणि आईला हाक मारायला उठावं लागतं, म्हणून ही युक्ती. पहिल्यांदा वाजली तेव्हा आई आतून ओरडली होती, "आता मशीनलेच सांगा चहा कराले! मले काहाले बोलावता?" बाबा इतके हसले की ठसका लागला. त्यानंतर बारा वर्षं ती हाक आणि तो चहा.

यादीत शेवटी एक रकाना आहे. टिक काढली की तिथे तारीख येते. त्यांच्या नावापुढे ६ नोव्हेंबर.

आई मागे येऊन उभी होती. "लाव न परत. त्या हाकेवरच गॅस पेटते माह्या हातानं."

टिक परत लावली. तारीख गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

हाक आली. आई "हो" म्हणाली, किती पटकन. चहा वेळेवर.

बाबांनी व्यायाम केला नाही. तोंड मिटून बसले. 'ऊ' नाही, 'आ' पण नाही. दमले असतील.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजही नाही. हाक आली आणि बाबांनी मान भिंतीकडे वळवली. मशीन साडेचार मिनिटांत उठते आहे, मग दमणूक कसली?

आधी तेवीस मिनिटं जायची त्यात मान खाली जायची, ती दमून असं मी धरून चालले होते. आता आठवून बघते. मान खाली जायची ती हाकेच्या आधी की नंतर? लक्षच दिलं नाही कधी. मी तेव्हा पेन ड्राइव्ह लावत असायचे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आई पहाटेच शेजारच्या काकूंबरोबर गिरडच्या दर्ग्याला गेली. बाबांसाठी बोललेली आहे काहीतरी, सांगत नाही.

आज हाकेची टिक काढून बघायचं ठरवलं होतं, विसरलेच. खरं तर विसरले नाही. आईच्या माघारी काढणं बरं वाटेना.

"अवं, चहा मांड वं! मशीन सुरू झाली!"

आतून कोणी हो म्हटलं नाही. घर एकदम रिकामं वाटलं. मी म्हणावं की नाही ते ठरेना.

बाबांनी डावा हात टेबलामागे घातला, चाचपडत, आणि स्पीकरची वायर ओढून काढली. हातात धरून बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

या मशीनला बाबांनी पहिल्यांदा नाही म्हटलं.

वायर मी परत लावली, कारण तिच्यावाचून व्यायामाचा आवाजही येत नाही. चहा मी केला. बाबांनी अर्धा घेतला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सेवाग्राम. ताईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, काहींना स्वतःचा जुना आवाज ऐकून बरं वाटतं, काहींना अजिबात सहन होत नाही. पुढचं नक्की कोणी सांगू शकत नाही. "त्यांनाच विचारा. हो असेल तर हात दाबायला सांगा."

येताना रिक्षात आईला वायरचं सांगितलं. पिपरी आल्यावर म्हणाली, "काऊन पन? सोताचाच आवाज नको झाला मानसाले?"

मीही मागच्या वर्षीचं माझं लिहिलेलं वाचू शकत नाही, पण ते वेगळं. मला ते परत लिहिता येतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी विचारलं. त्यांचा डावा हात माझ्या हातात. "बाबा, ती हाक बंद करू?"

हात दाबला नाही. आईकडे बघत राहिले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

शेवटी तीच म्हणाली, "काढ. पन फेकू नको."

"टिक काढली म्हणजे फेकत नाही आई. नाव यादीत राहतं. बाजूला तारीख येते फक्त."

"कोनती तारीख?"

"बंद केल्याची."

"ते नको दाखवू मले."

तेव्हा बाबांनी माझा हात दाबला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल आणि आज हाक नाही. दोन्ही दिवस व्यायाम पूर्ण. ओठ येतात, श्वास येतो, आवाज नाही. आई चहा करते, सव्वासातला, घड्याळ बघून. पातेलं जरा जोरात ठेवते.

काल चहात साखर नव्हती. कोणीच काही बोललं नाही. (बाबा तर.)

२० नोव्हेंबर, गुरुवार

७.०९ ला मशीन उठली. पेन ड्राइव्ह लावायच्या आधीच बाबांनी हात वर केला, थांब असा. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं. उघडलं. मान ताणली. आतून काहीतरी वर येत होतं, गळ्यात दिसत होतं.

"अ."

श्वासाहून थोडा जास्त. ताई म्हणतील, हा व्यायामातलाच 'आ' आहे, लगेच अर्थ लावू नका. मी लावत नाही.

आई दारात आली. हातात लायटर.

"अ झाला," ती म्हणाली. "पुढचं म्हना."

बाबांनी ओठ जुळवले. सुटले. परत जुळवले. घाम आला कपाळावर. मी म्हटलं, आई, राहू दे, दमतील ते, चहा मांड तू.

"तू चूप राह्य वं. मले कोनती गाडी पकडाची हाये?" मग त्यांना, "मी उभी हाओ. सावकाश."

मी बाजूच्या खोलीत येऊन हे लिहिते आहे. इथून दोघं दिसतात. आठ वाजून गेलेत. गॅस अजून पेटलेला नाही.