घर नंबर एकच्या कडेची वाट

लिहून ठेवणार: समुद्राकाठच्या वसाहतीतल्या घर नंबर एकची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कॅनव्हास-ताडपत्रीचा, घरमालक मंडळाची वीस वर्षं अध्यक्ष, सध्या कोणीही नाही.

मी हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. मी रागावलेलीही आहे. माणूस एकाच वेळी शुद्धीवर आणि रागावलेला असू शकतो, असा दाखला डॉक्टरांकडून लिहून घेऊन सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर मंडळाचे लोक "म्हातारीला भ्रम झाला होता" असंच म्हणणार. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं मुलाला होतं आणि ते एका पानात मावलं होतं.

कलम १. माझी मालमत्ता अशी: पहिल्या ओळीतलं दुमजली घर, ज्याच्या स्वयंपाकघराचं दार पूर्वेला उघडतं; त्या घराच्या पूर्वेच्या भिंतीलगतची, रस्त्यापासून वाळूपर्यंत जाणारी चार फूट रुंदीची वाट; बाजारातलं दुकान, त्यातली यंत्रं आणि हत्यारं; बँकेतली ठेव. सगळं माझ्या आणि माझ्या यजमानांच्या कमाईचं आहे. यात वडिलोपार्जित काही नाही, त्यामुळे "आमचा हक्क" हा शब्द कोणी तोंडातून काढू नये.

कलम २. ही वाट मंडळाची नाही. मंडळाच्या वकिलांनी मला पत्र पाठवलं आहे की, इतक्या वर्षांच्या वहिवाटीने ती मंडळाची झाली. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी ऐकून होते, लेटरहेडवर बसलेला पहिल्यांदा पाहिला. म्हणून ती वाट झाली कशी, हे इथे नोंदवून ठेवते.

ज्याने ही वसाहत आखली त्याने चार ओळी घरं काढली, बाग काढली, गाड्या धुवायची जागासुद्धा काढली, आणि समुद्राकडे जायला वाट ठेवायला विसरला. समुद्राकाठची वसाहत म्हणून सगळ्यांनी पैसे मोजले आणि राहायला आल्यावर कळलं की, पहिल्या ओळीतल्या कोणाच्या तरी घरातून गेल्याशिवाय पाण्याला पाय लागत नाहीत. लोक नकाशा घेऊन भांडत बसले. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला नकाशा कळत नव्हता. तो एका दुपारी मागच्या ओळींमधली सगळी पोरं गोळा करून आमच्या घराच्या पुढच्या दाराने आत आला, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडला आणि सगळ्यांना समुद्रावर घेऊन गेला. परतताना तीच वरात ओल्या पायांनी. पिठाच्या डब्यापर्यंत वाळू. मी ओरडायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "अगं, त्याने बरोबर केलंय. चूक भिंतीची आहे." पुढच्या महिन्यात ह्यांनी पूर्वेची भिंत पाडून चार फूट आत बांधली, आणि स्वयंपाकघराचं समुद्राकडचं दार बुजवून नव्या भिंतीत, वाटेवर उघडणारं काढलं. फाटक नाही, पाटी नाही. वसाहतीतले, बाहेरचे, जाळी विणणारे, बर्फवाला, जो येईल तो तिथून जायचा. आमच्या नळावर पाय धुवायचा आणि नळ नीट बंद न करता जायचा. त्याचा मला राग येई. तो राग मी आता मागे घेत आहे, त्याची जागा दुसऱ्या रागाला हवी आहे.

वाट माझ्या मुलाने पाडली, हे त्याने विसरू नये. मी विसरणार नाही, आणि मेल्यावर हा कागद विसरणार नाही.

कलम ३. मंडळाच्या अध्यक्षपदाबद्दल. वीस वर्षं मी लष्करच्या भाकऱ्या भाजल्या. गटार कोणाचं तुंबलं, कुत्रं कोणाचं भुंकलं, खाऱ्या वाऱ्याने कोणाचे गज गंजले, सगळं माझ्या दारात. निवडणुकीला दुसरं कोणी उभं राहत नसे. मग घर नंबर सतरामध्ये सध्याचे अध्यक्ष राहायला आले. कानामागून आले आणि तिखट झाले. सगळ्या भिंती पांढऱ्या, सगळी दारं पांढरी, खिडक्यांवरच्या कापडी शेडसुद्धा पांढऱ्या, असा नियम त्यांनी पहिल्याच सभेत आणला, म्हणून मी त्यांना चुनेवाले म्हणते आणि या कागदातही तेच म्हणणार आहे. (इथे आणखी एक शब्द होता. वकिलांनी तो खोडायला लावला. चुनेवाल्यांनी तो ओळखावा.)

दुसऱ्या सभेत त्यांनी वाटेच्या वाळूकडच्या टोकाला फाटक आणलं. माझ्या जमिनीवर, मला न विचारता. लोखंडी गज, वर टोकं, कार्ड लावलं तर उघडणार, आतून काय आणि बाहेरून काय. कार्ड फक्त सभासदांना. "बाहेरचे लोक येतात, घरांचे भाव पडतात," हे कारण. मत दर घराला एक. हात वर करा म्हटल्यावर मी मागे वळून मोजत होते, आणि घर नंबर नऊचा हात वर होता. घर नंबर नऊ माझ्या मुलाचं.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "तू पण?"

तो म्हणाला, "आई, सगळ्यांचे हात वर होते. मी एकट्याने खाली कसा ठेवायचा?"

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणतात. पण वासा आपल्याच पोटचा असला की तो डोक्यात जास्त लागतो. त्याच महिन्यात त्याला मंडळाचं सचिवपद मिळालं.

कलम ४. मी कशी पडले याबद्दल वसाहतीत तीन-चार कथा फिरत आहेत. खरी ही. माझ्या खिडकीवरची शेड निळी आहे. तिचं कापड मी स्वतः निवडलं, स्वतः शिवलं; दर्यावर कोणता रंग टिकतो हे मला चुनेवाल्यांनी शिकवायचं काम नाही. निळ्या शेडबद्दल नियमभंग म्हणून माझं कार्ड बंद करण्यात आलं. तसं पत्र माझ्या पत्रपेटीत होतं, पण मी समुद्रावर जाताना पेटी उघडून जात नाही. जाताना फाटक कोणीतरी उघडून पुढे गेलं होतं, त्याच्यामागून मी गेले. ओल्या खडकावर पाय सरकला आणि खुबा गेला. सरपटत फाटकापर्यंत आले आणि कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल दिवा. गजांमधून मला माझ्या ओट्यावरचं दुधाचं पातेलं दिसत होतं.

मुलाला फोन केला. तो सभेत होता आणि सभेत फोन बंद ठेवायचा नियम आहे. सभेचा विषय माझी शेड होता.

शेवटी वाळूवरून बर्फवाला आला. त्याने मला गाडीवर, बर्फाच्या लाद्यांवरच्या गोणपाटावर झोपवलं आणि वाळूतून ढकलत, पूर्ण वळसा घालून मुख्य दारापर्यंत आणलं. तिथे रखवालदार म्हणाला, "हातगाडीला आत परवानगी नाही रे." मग त्याने गोणपाटावर कोण आहे ते पाहिलं आणि दारातला आडवा दांडा वर केला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. परवानगी नसलेलं वाहन आत घेतल्याबद्दल.

चुनेवाले इस्पितळात भेटायला आले होते, फळं घेऊन. म्हणाले, "ताई, कार्ड चालू असतं तर हे झालंच नसतं बघा." फळं मी परत पाठवली.

कलम ५. आता वाटणी.

(अ) बाजारातलं दुकान, शिलाईची दोन्ही यंत्रं, कातरी, दाभणं, रिंगा ठोकायचा पंच आणि हातोडी हे सगळं त्या रखवालदाराला. तो वर्षभर माझ्याकडे कामाला आहे. टाका अजून तिरका घालतो, पण शिकेल. गिऱ्हाइकाला उधारीवर काही देऊ नये, विशेषतः वसाहतीतल्या.

(आ) बँकेतली ठेव सूनबाईला. फाटकाच्या सभेत तिचा हात खाली होता. मत तिच्या नवऱ्याच्या नावावर होतं म्हणून त्याचा उपयोग झाला नाही, पण मी पाहिलं. पैसे तिने नवऱ्याला विचारून खर्च करू नयेत.

(इ) घर नंबर चारच्या दुर्बीणवाल्या बाईंना माझी पितळी शिट्टी. कोणाच्या गच्चीवर कपडे वाळतात, कोणाच्या कुंडीचा रंग चुकला, हे त्या दुर्बिणीतून बघून मंडळाला कळवतात. मी फाटकाशी पडले होते तेव्हाही त्या गच्चीवर होत्या. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, वाळूत बसला आहात निवांत." यापुढे असं कोणी निवांत दिसलं तर शिट्टी वाजवावी.

(ई) निळ्या कापडाचा उरलेला तागा चुनेवाल्यांना. वापरायचा नसेल तर नुसता बघावा.

(उ) मंडळाला काही नाही. मंडळाने माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. दोन मिनिटांचं मौन तर मुळीच पाळू नये, ते मी पडले त्या दिवशी पाळून झालेलं आहे.

(ऊ) बर्फवाल्याला ही वाट लिहून द्यावी असं माझ्या मनात होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, तेव्हा दोन्हींतलं एक निवडा. मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मावशी, जमीन घेतली तर तिचा कर कोण भरणार? सही करतो." म्हणून त्याला काही ठेवलेलं नाही. वाट मी नगरपालिकेला सार्वजनिक रस्ता म्हणून देत आहे, म्हणजे ती त्याचीही होईल आणि कर कोणालाच भरावा लागणार नाही.

कलम ६. घर. हे कलम मुलाने उभं राहून वाचावं.

बाळा, घर तुझं आहे. तिसऱ्या ओळीतून तुला समुद्र दिसत नाही आणि तुला तो किती हवा आहे, हे मला माहीत आहे. पण एक अट आहे. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत, दिवसाउजेडी, मंडळाच्या सगळ्या सभासदांसमोर, तू स्वतःच्या हाताने ते फाटक कापून काढायचंस. दुकानातलं तारा-गज कापायचं मोठं कटर त्यासाठी तुझ्या नावे ठेवलं आहे. मजूर लावायचा नाही. मंडळाचा ठराव आणायचा नाही. सगळ्यांचे हात खाली असतील आणि तुझा एकट्याचा वर असेल, तो मला हवा आहे. मला ते फाटक कोणाकडूनही कापून घेता आलं असतं, दहा मिनिटांचं काम होतं. रखवालदार दोनदा विचारून गेला. मी नाही म्हटलं. फाटक उघडणं हा माझा प्रश्न नाही. ते तू उघडतोस का, हा आहे.

ही अट पुरी झाली नाही तर संपूर्ण घर, दोन्ही मजल्यांसह, नगरपालिकेला जाईल. समुद्रावर येणाऱ्या सर्व लोकांसाठी तिथे सार्वजनिक स्वच्छतागृह आणि अंघोळीची सोय करावी, या अटीवर. नगरपालिकेने लेखी होकार दिला आहे. पहिल्या ओळीत जागा मिळते म्हटल्यावर साहेब स्वतः येऊन टेप लावून गेले. पुरुषांचा विभाग घर नंबर दोनच्या, म्हणजे चुनेवाल्यांच्या थोरल्या भावाच्या दिवाणखान्याकडे करावा, अशी माझी सूचना आहे. भिंतींचा रंग निळा असावा. मग घरांचे भाव किती राहतात ते मंडळाने मोजावं.

म्हणजे बघ, त्या दिवशी तुला हात वर करायला सगळ्यांचं बळ लागलं होतं. ते बळ मी तुला पुन्हा मिळवून दिलं आहे. आता हेच लोक तुझ्या हातात कटर देतील. पण तसं झालं तर मला वाईट वाटेल. त्यांनी सांगायच्या आधी तू ते उचलावंस.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे वकील करतील. त्यांना भीड घालायला कोणी जाऊ नये. ते वसाहतीत राहत नाहीत आणि त्यांना पोहता येत नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि एक खोडलेला शब्द सोडून सगळा मला मान्य आहे.

ठिकाण: घर नंबर एक, पूर्वेची वाट, फाटकाच्या आत.
दिनांक: ९ मार्च.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले: डॉक्टर. माझ्या शेजारी खुर्चीवर बसून सही केली.

साक्षीदार दुसरे: बर्फवाला. फाटकाच्या बाहेर, वाळूवर उभे राहून मला सही करताना पाहिलं आणि गजांमधून हात आत घालून सही केली. फळी डॉक्टरांनी धरली होती.

टीप. सह्या चालू असताना माझा मुलगा मला औषधं द्यायला आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कागद कसला ते त्याला माहीत नव्हतं, पण माणूस गजांमधून हात घालून लिहितो आहे हे त्याला दिसत होतं. त्याच्या खिशात चालू कार्ड होतं. सही होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग औषधं ओट्यावर ठेवून गेला. डॉक्टरांनी विचारलं, कलम सहा बदलायचं का. मी नाही म्हटलं. कटर दुकानातून आणवून त्याच दाराशी, त्याला येता-जाता दिसेल असं ठेवलं आहे. तीस दिवस मी मेल्यानंतरचे आहेत, पण मी मरेपर्यंत थांबलंच पाहिजे, असं या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.