सोपं पडतं म्हणून

वारजे, पुणे

रूबेनच्या पप्पांना सप्रेम शालोम,

मी सुखरूप पोचले. मुलाचा फ्लॅट हवेशीर आहे, सूनही नीट बघते. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

फोनवर बोलले तर इथे सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून लिहिते. शुक्रवारी मी शब्बाथचा दिवा लावत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्हा ख्रिश्चनांत असा दिवा लावतात?"

रूबेन हसून म्हणाला, "हो, लावतात."

त्या गेल्यावर मी जाब विचारला. म्हणाला, "मम्मी, ज्यू म्हणजे काय ते कितीजणांना समजावू? हे सोपं पडतं."

अलिबागेत तुमचे आजोबा शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून सारं गाव त्यांना शनिवारतेली म्हणायचं. त्यांना शनिवारी घाणा चालवणंही सोपंच होतं.

त्याला रागावू नका. मला मात्र लवकर न्यायला या.

तुमची,
मिल्का