एका दशांश चिन्हाची धास्ती

ती. स्व. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावर घातला आहे, त्यामुळे माझी पाठ शाबूत आहे. तुझ्या पाठीचं काय झालं?) वर 'तीर्थस्वरूप' लिहून खाली अरे-तुरे करणं बरं दिसत नाही असं आई म्हणेल, पण तुला एकदम 'अहो मामा' म्हटलं तर तू मागे वळून बघशील, आणखी कोण आलंय म्हणून. मामीचा गुडघा कसा आहे? तुझं ब्लड प्रेशर? गोळी वेळेवर घेतोस ना? ती किती मिलिग्रॅमची आहे, जरा पाकिटावर बघून ये. म्हणजे आत्ताच ऊठ, मी थांबते. बघितलंस? आकड्याच्या मध्ये कुठे टिंब आहे का? असलं तर ते नेमकं कुठे आहे? आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हाही ते तिथेच होतं का? बरं, राहू दे. उगाच घाबरू नकोस. घाबरण्याचं काम सध्या मी पूर्णवेळ करते आहे.

पत्र तुलाच का लिहिते आहे, तर आपल्या घरात भित्री माणसं दोनच, तू आणि मी. बाकीच्यांचं काही विचारू नकोस. बाबा मेन स्विच चालू ठेवून वायरी हाताळतात आणि झटका बसला की हसतात. आई (तुझीच ताई, तुला ठाऊकच आहे) न्हाणीघरात साप निघाला तेव्हा त्याच्यावर ओरडली आणि सापच निघून गेला. अशा माणसांना भीती समजावून सांगायची म्हणजे माशाला तहान समजावून सांगण्यासारखं आहे. तू मात्र शाळेची बस काढण्याआधी खाली उतरून गाडीभोवती फेरी मारतोस, चाकांखाली वाकून बघतोस आणि तरीही रिव्हर्स घेताना मामीला तीनतीनदा विचारतोस, 'मागे कोणी नाही ना?' (मामी त्या बसमधली मदतनीस कमी आणि तुझा तिसरा आरसा जास्त आहे.) त्यामुळे म्हटलं, हा माणूस मला हसणार नाही. हसलास तरी आधी चारी बाजूंना बघून हसशील.

तर झालं असं. मी नर्सिंगला आले ती पट्ट्या बांधायच्या, ताप बघायचा, आजीबाईंना धीर द्यायचा, अशा कल्पनेने. बारावीत जीवशास्त्रावर जीव टाकला तोही मुख्यतः रसायनशास्त्रापासून लांब पळता यावं म्हणून. इथे येऊन बघते तर पहिल्या वर्षाच्या दारातच रसायनशास्त्र पाय पसरून बसलेलं! त्यात पास झाल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत, आणि वॉर्ड नाही तर पुढचं काहीच नाही. विषय शिकवतात त्यांना आम्ही थेंबसर म्हणतो. बारीक अंगाचे, बारीक आवाजाचे, आणि कुठलीही गोष्ट ओतताना तोंडाने 'थेंब, थेंब' म्हणत राहणारे. (चहाही तसाच ओततात. तोवर तो गार होतो.) पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक आकडा लिहिला, त्यात टिंब दिलं आणि म्हणाले, टिंब इथे असेल तर पेशंट घरी जातो. मग ते टिंब पुसून एक घर सरकवलं आणि म्हणाले, इथे असेल तर नुसते नातेवाईक घरी जातात. सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मी ते टिंब वहीत तीनतीनदा उतरवून घेतलं.

त्यानंतर जे जे शिकवलं त्याने मी सुधारण्याऐवजी बिघडतच गेले. पीएच शिकवला. एक आकडा खाली आला म्हणजे आम्लपणा दहापट वाढला, आणि रक्ताचा पीएच तर किंचित जरी हलला तरी माणूस आडवा. आता इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या नाजूक धाग्याला टांगून ठेवायची काय गरज होती, हे सरांना विचारावंसं वाटलं, पण सर काही तिचे निर्माते नव्हेत. पुढच्या तासाला कळलं की आपण उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो म्हणून रक्त आम्ल होत नाही. झालं! मला वाटायला लागलं, माझा आत साठतोय. इतकी वर्षं मी बेफिकीरपणे, लक्षही न देता श्वास घेत आले होते, अंगावर काटाच आला. म्हणून मी तिथल्या तिथे बाकावर बसून तो भराभर बाहेर टाकायला सुरुवात केली. थोड्या वेळात ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या, फळा गोल फिरायला लागला आणि मी शेजारणीच्या खांद्यावर कलंडले. मला बाकावर आडवं करून सरांनी वर्गाला जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून समजावलं, की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला की रक्त उलट दिशेला झुकतं, ते असं. परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मला मिळाले नाहीत, कारण प्रात्यक्षिक चालू असताना माझे डोळे मिटलेले होते.

माझी ही शेजारीण म्हणजे बिनधास्त. (हे तिचं खरं नाव नाही, पण खरं नाव आता तिलाही आठवत नसेल.) ती गणित एकदाच करते, करताना शीळ घालते, आणि उत्तर बरोबर आलं की आश्चर्यही वाटून घेत नाही. आमच्या प्रयोगशाळेचा एक रिवाज आहे. मोजमाप कसलंही असो, आकडा आधी मोठ्याने शेजारच्याला सांगायचा, त्याने तो स्वतः करून बघायचा, मग बाटलीला हात लावायचा. पुढे वॉर्डात दोन नर्स मिळून औषध तपासतात, त्याची ही सवय. बिनधास्त आपला आकडा भाजीवालीसारखा ओरडून सांगते. मी मात्र सांगत नाही, नुसते ओठ हलवते. चुकला असेल तर सगळ्यांना कळेल ना! त्यापेक्षा मी स्वतःच पुन्हा तपासते, मग पुन्हा, मग तपासलेलं तपासते.

आणि मग तो रक्ताचा दिवस उजाडला, मामा. प्रयोग अगदी साधा. मिठाचं दाट द्रावण दिलेलं असतं, त्यात पाणी घालून ते रक्ताला सोसेल इतकं पातळ करायचं, म्हणजे सलाइनच्या बाटलीत असतं तितकं. मग त्यात रक्ताचा थेंब टाकायचा. प्रमाण जमलं तर पेशी सुखाने राहतात आणि परीक्षानळी गढूळ दिसते. मीठ फार कमी पडलं तर पाणी पेशींच्या आत घुसतं आणि त्या फुगून फुटतात. रक्त कुणाचं, तर सरांचं. ते दरवर्षी स्वतःच्याच बोटाला सुई टोचतात. त्यांचं म्हणणं, विद्यार्थ्यांच्या चुका विद्यार्थ्यांच्या रक्तावर कशाला.

मी गणित केलं. उत्तर आलं. तपासलं, तेच आलं. पण सरांनी सुई टोचलेली मला दिसली, त्यांच्या बोटावर तो लाल मणी उभा राहिला, आणि मी पेन्सिल पुन्हा उचलली. म्हटलं, आणखी एकदा बघावं. त्या आणखी एकदामध्ये टिंब एक घर सरकलं. का सरकलं मला ठाऊक नाही. भीतीने ढकललं असेल. बिनधास्त विचारत होती, तुझं किती आलं गं? मी ओठ हलवले. मग दहापट पातळ द्रावण केलं आणि थेंब टाकला. शेजारच्या नळीत गढूळ लाल ढग होता. माझी नळी बघता बघता स्वच्छ झाली, लाल काचेसारखी, पलीकडची खिडकी दिसेल इतकी. तुला सांगते, इतकी सुंदर आणि इतकी भयंकर गोष्ट मी आजवर पाहिली नव्हती. त्यातली एकही पेशी शिल्लक नव्हती.

सर आले. नळी उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाले, 'अरेरे, मी फुटलो.' वर्ग खो खो हसला. मला हसू येईना की रडू येईना. मला नळीच्या जागी खाट दिसत होती, खाटेवर माणूस, आणि खाटेशेजारी हातात बाटली घेऊन मी. सरांनी कागद बघितला. माझं पहिलं उत्तर बरोबर होतं, दुसरं बरोबर होतं, शेवटचं तेवढं चूक. त्यांनी विचारलं, किती वेळा तपासलंस? मी म्हटलं, पुष्कळदा. कुणाला दाखवलंस? मी म्हटलं, कुणालाच नाही. यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते बोटावर कापूस दाबत एवढंच म्हणाले की मला हे प्रात्यक्षिक पुन्हा द्यावं लागेल. तेही चुकलं तर वर्ष तिथेच संपलं.

मी त्या दिवशी हॉस्टेलवर येऊन बटाटे उकडायला ठेवले आणि त्यात मीठ टाकायला माझा हात धजेना. अळणीच खाल्ले. खाताना ठरवलं की हे आपल्याला झेपायचं नाही. ज्या माणसाचा हात भीतीने चुकतो त्याने दुसऱ्याच्या शिरेजवळ जाऊ नये. मला त्या खाटेवरच्या माणसाची फार भीती वाटते, मामा. तो अजून आजारीसुद्धा पडलेला नाही, कुठेतरी मजेत हिंडत असेल, आणि मी त्याच्यासाठी घाबरून बसले आहे. तेव्हा तुला विनंती एवढीच, की मी शिक्षण सोडून परत येते आहे हे तू आईच्या कानावर घाल. हळूहळू घाल. सापाचं काय झालं ते लक्षात ठेव.

मामीला नमस्कार. बसमधल्या पोरांना खिडकीबाहेर हात काढू देऊ नकोस.

तुझी घाबरट भाची

ता. क. आईला एवढ्यात काही सांगू नकोस. पत्र पुन्हा वाचलं तर मला ते सगळं नर्सिंगचं गाऱ्हाणं वाटलं, आणि गाऱ्हाणं तर माझ्या ओठ हलवण्याचं आहे. आज बिनधास्तला एक गणित मोठ्याने वाचून दाखवलं. चुकलं होतं. तिने शीळ घालता घालता टिंब जागेवर आणून ठेवलं, आणि कुणीही मेलं नाही. मग तिने तिचं वाचलं, तेही चुकलं होतं आणि ते मला सापडलं. तिची शीळ थोडा वेळ बंद पडली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आणखी ता. क. आता खरं काम. पुन्हा प्रात्यक्षिक देणाऱ्यांसाठी सर स्वतःचं बोट देत नाहीत. विद्यार्थ्याने आपलं माणूस आणायचं, ते समोर खुर्चीवर बसवायचं, आकडा त्याला मोठ्याने सांगायचा आणि त्याच्याच रक्ताचा थेंब घ्यायचा, असा त्यांचा नियम आहे. येत्या शनिवारी आहे. आई आली तर सरांनाच सुई कशी टोचायची ते शिकवेल. बाबा तर बोट पुढे करून हसत बसतील, आणि हसणाऱ्या माणसासमोर मला मोठ्याने बोलता येत नाही. मला असं माणूस हवं आहे जे माझ्याकडे डोळे विस्फारून बघेल आणि तीनतीनदा विचारेल, नक्की ना? तुला रक्त बघवत नाही हे मला माहीत आहे. तरी ये. शनिवारी शाळेला सुट्टीच असते.

शेवटचा ता. क. येताना पोटभर जेवून ये आणि खुर्चीत मागे टेकून बस. तरी चक्कर आलीच तर बेलाशक पड. पडणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि त्यात वर्गात मी पहिली आले होते.