रेडिएटरमध्ये हळद

अन्नपूर्णा, इंदूर
दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. पंचशील यास,

जयभीम. आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देतो आहे, मनातून येत नाहीये.

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर माझं वाक्य अर्ध्यात असतं आणि तुझं सुरू होतं. पत्र मध्येच तोडता येत नाही. तेव्हा पुण्यातल्या तुझ्या त्या खुर्चीत नीट बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या आईचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला आहे. मंगळवारी आम्ही सांवेरला तुझ्या आत्याकडे निघालो होतो. रस्त्यात गाडी तापली, बोनेटमधून वाफ निघाली आणि रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी तिच्या हातावर उडालं. एका भल्या ट्रॅक्टरवाल्याने दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले की खोल नाही, भरून येईल. पण तिला दोन रात्री झोप नव्हती, आणि मी शेजारी बसून काय करत होतो? पंखा हलवत होतो.

आता तुझी गोष्ट. इंजिन थंड ठेवणारं कूलंट ज्या रबरी पाईपातून फिरतं, तो खालचा पाईप उन्हाळ्यापासून गळतो आहे. निशांतच्या गॅरेजला चकरा मारून माझ्या चपला झिजल्या. दर वेळी त्याचं एकच, की काका, गाडी जुनी झाली, हा पाईप आता येतच नाही. मी मानलं. आपल्या गल्लीत वाढलेला मुलगा आहे, तो कशाला खोटं बोलेल! काल त्याने तुझ्या आईच्या हाताची पट्टी बघितली आणि त्याचं तोंड उतरलं. मग भर गॅरेजात हात जोडून म्हणाला की पाईप तर कधीचा आणून खिळ्याला टांगला आहे, पण पंचशील भियाने कसम घातली होती की काकांना द्यायचा नाही, गाडी उभी राहू द्यायची.

अरे शरम वाटली नाही तुला? मी काय लहान पोर आहे, की खेळणं माळ्यावर लपवून ठेवलं आणि सांगितलं की हरवलं? बापाच्या तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोराला खोटं बोलायला लावलंस. तो पाईप जूनमध्ये बसला असता तर तुझ्या आईची कातडी सोलली नसती. हे तू केलंस. विचार कर आणि जेव.

पाईप मी उचलून आणला आहे. निशांत मागे लागला होता की बसवून देतो, मी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. माझे वडील महूला फौजी वर्कशॉपात गाड्या उघडत होते, मी त्यांच्याजवळ बसून शिकलो. घरीच, अंगणात, माझ्या हाताने बसवीन. कुणाची मेहरबानी नको, तुझी तर बिलकुल नको.

कळावे. लोभ होता तेवढाच आहे, वाढवायची तसदी घेऊ नकोस.

तुझा बाप,
बाबूराव


पुणे
दि. ६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा यांस,

सविनय जयभीम. विनय कसाबसा आणला आहे.

आईचा हात भाजला आणि मला ते टपालाने कळतं! फोन बंद, आईचा फोन पण तुम्ही उचलून ठेवून देता, आणि वर मला शरम विचारता. पत्र वाचल्या वाचल्या तुमच्या सुनेने, निवेदिताने, बॅग काढली होती. मीच थांबवलं, कारण या गुस्स्यात मी आलो असतो तर दारातच आपली जुंपली असती.

हो, निशांतला मीच सांगितलं. लपवत नाही. जूनमध्ये मी आलो होतो तेव्हा महू नाक्यावर तुम्ही लाल दिव्यात गाडी घातली होती. स्कूटरवरची ती बाई पडता पडता वाचली, तिने काय काय ऐकवलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं की बाबा, दिवा लाल होता. तुम्ही म्हणालात पिवळा होता, आणि बाई आंधळी होती. घरी येऊन मी पुन्हा विषय काढला तर तुम्ही ताटावरून उठून गेलात. तोंडावर बोललो नाही म्हणता? बोललो, बाबा. तुम्ही ऐकलं नाही.

मग मी काय करायचं होतं? चावी हिसकावून घ्यायची होती? मला वाटलं की पाईप नसेल तर गाडी उभी राहील, मला सुट्टी मिळेपर्यंत कुणाच्या अंगावर जाणार नाही. तुम्ही डिकीत पाण्याचा कॅन ठेवून, गळत्या गाडीत आईला बसवून हायवेला जाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि गरम इंजिनचं झाकण कुणी उघडतं का? शाळेतल्या मुलाला पण माहीत असतं! ते पाणी मी नाही उडवलं बाबा. झाकण तुम्ही उघडलंत आणि बिल माझ्या नावावर फाडता.

ती गाडी आता विकायची. अंगणात तुम्ही ती उघडून बसणार हे तर मला मुळीच मान्य नाही. एखादा स्क्रू सुटा राहिला तर पुढच्या वेळी हातावर निभावणार नाही. गाडी गेली की तुम्ही दोघं इकडे या, इथे खोली रिकामी आहे. तिथे एकटं राहायचा हट्ट मला आता समजत नाही.

आईला माझा जयभीम सांगा, सांगणार असाल तर. राग आहे, माया पण आहे, दोन्ही तुमच्याकडूनच आलंय.

आपला,
पंचशील


अन्नपूर्णा, इंदूर
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. पंचशीलला आईचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. चि. सौ. निवेदितालाही.

हात बरा आहे, ते पहिलं लिहून टाकते. आता मला पण राग आला आहे, आणि तो तुम्हा दोघांवर आहे, सारखा वाटून.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं, मग टेबलावर आपटलं, मग पुन्हा वाचलं. बाप लिहितो की तू भाजवलंस, लेक लिहितो की तुम्ही भाजवलंत. अरे, हात माझा ना? एकाने तरी मला विचारलं का, की मीराबाई, काय झालं होतं? झाकण मी उघडलं. कॅन घेऊन हे शेतातल्या विहिरीवर गेले होते, जाताना बजावून गेले होते की हात लावू नको. उन्हात उभी राहून माझं डोकं फिरलं. पदर धरला आणि फिरवलं झाकण. झाली गोष्ट. आता तुम्ही दोघं नवीन भांडण शोधा.

आणि गाडी नुसती पाईपने तापली नव्हती, ते पण ऐक. ह्यांच्या वडिलांनी कधी सांगितलं होतं की रस्त्यात रेडिएटर गळला तर चिमूटभर हळद टाकायची, ती बारीक भोकात जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते. घरापर्यंत! ह्यांनी उन्हाळ्यापासून चमच्याने टाकली. मी म्हणत होते की डबा इतका लवकर कसा संपतो, निधीला बोल लावला, की बाई, भाजीत किती घालतेस. ती बिचारी पोळ्या करायला येते, तिने डब्याला हातही लावला नव्हता. माझा हात भाजला त्या दिवशी घरात लावायला हळद नव्हती, कारण सगळी गाडीच्या पोटात होती.

काल ह्यांनी अंगणात रेडिएटरच्या तळाची तोटी सोडून पाणी काढलं. माझी मोठी परात घेतली, न विचारता. आता तिच्यात पीठ मळायचं नाही म्हणतात, कूलंट जहरी असतं. पाणी कसलं, कढी निघाली! गोळे गोळे, त्यांनीच पाण्याची वाट अडवली होती. नळाचा पाईप लावून किती वेळ धुतलं तेव्हा कुठे साफ पडायला लागलं. ते बघून हे खाली मान घालून परात घासत बसले. मी मात्र बोलले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं बोलले.

आता तुझं. गाडी विकायची हे कुणाला विचारून लिहिलंस? त्या गाडीत मी पण बसते. पौर्णिमेला गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना घेऊन आम्ही विहारात जातो. त्यांना मी काय सांगू, की माझ्या मुलाची परवानगी नाही? आणि पुण्याची खोली तुझ्याजवळच ठेव. माझं सगळं इथे आहे. मी काही कपाट नाही, की टेम्पोत घातलं आणि नेलं.

लाल दिव्याचं मात्र तू खरं लिहिलंस. मी मागे बसले होते, मला पण लालच दिसला. मी ह्यांना म्हटलं तर मला म्हणाले की तुला गाडीतलं काय कळतं. जे मला रेटून म्हणता आलं नाही ते तू ओरडून म्हणायचं होतंस, दहा वेळा म्हणायचं होतंस. ताटावरून उठले तर उठू द्यायचं होतं, भूक लागली की आले असते. ते सोडून तू निशांतला पकडलंस. चोरून केलेल्या काळजीचा मला काही उपयोग नाही रे.

कळावे. माया आहे तशीच आहे, पण दोघांनी माझ्यासमोर येऊन ती मागा.

तुझी,
आई


अन्नपूर्णा, इंदूर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. पंचशील यास,

जयभीम आणि आशीर्वाद.

राग गेलेला नाही, ते ध्यानात ठेव. निशांतचं तू जे केलंस ते चुकलंच. इथे आलास की आधी त्याच्या गॅरेजला जा आणि त्याच्यासमोर कान पकड. तो आता मला बघून शटरमागे जातो. महू नाक्याच्या दिव्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

पाईप बसला. जुना काढताना फार त्रास दिला, रबर लोखंडाला चिकटून बसलं होतं, शेवटी ब्लेडने चिरून काढलं. दोन्ही टोकांना पाईप आवळणारे नवे क्लॅम्प लावले. तुझी आई टॉर्च धरून होती आणि सारखी सांगत होती की क्लॅम्पची पट्टी तिरकी जातेय. मी म्हटलं सरळ आहे. तिने मग माझं बोट धरून त्यावर ठेवलं. तिरकी होती. पुन्हा सोडून लावली. नवीन कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, पाईप दाबून दाबून हवा काढली, मग झाकण लावलं. खाली कोरडा कागद पसरला होता. एक थेंब नाही. वर्कशॉपात माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

आता एवढं झालं की शेवटची परीक्षा असते. इंजिन चालू ठेवायचं, आत बसायचं आणि तापमानाच्या काट्याकडे बघत राहायचं. काटा मधोमध येऊन थांबला, पंखा आपोआप फिरला, की काम पास. मी बसलो. काट्याकडे बघत राहिलो. पंचशील, मला काटा दिसला नाही. काच दिसत होती, काच पुसून घेतली, चष्मा पुसला. तिथे नुसतं पांढुरकं होतं. तुझ्या आईला मी विचारलं की कुठे आहे. ती खिडकीतून वाकली आणि म्हणाली मध्ये आहे. मग पंखा फिरला तो मी कानाने ऐकला.

सांवेरच्या रस्त्यावर पण तो मला दिसत नव्हता. तुझ्या आईने विचारलं होतं की गाडी तापत तर नाही ना, मी म्हटलं ठीक आहे. अंदाजाने म्हटलं होतं. इंजिन बंद करून मी तसाच आत बसून राहिलो. तिने हात पुढे केला, चावी घेतली आणि आत जाऊन चहा टाकला. मला इतका राग आला होता की कप फेकावा वाटला. कुणावर ते अजून ठरवलेलं नाही.

गाडी विकायची नाही. इंजिन ठणठणीत आहे, म्हाताऱ्या बायकांसाठी पौर्णिमेपुरता ड्रायव्हर बघू. तू ये आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चल. मोतीबिंदू असेल तर ते काढतील, मग बघतो मी सगळ्यांना. दुसरं काही निघालं तर ते ऐकायला तू शेजारी हवा आहेस. पुण्याच्या खोलीचा विषय काढू नकोस, बाकी काहीही बोल, मी ताटावरून उठणार नाही.

निवेदिताला आशीर्वाद. लोभ कमी झाला नव्हता, वाढवू नकोस हे पहिल्या पत्रात रागाने लिहिलं.

तुझा,
बाबा

ता. क. आजपर्यंत तू आलास आणि मी गाडी घेऊन स्टेशनवर उभा नाही, असं कधी झालं नाही. या वेळी ऑटो करून ये.