अंगणातला हॉल

ब्लितार, १७ ऑगस्ट

प्रिय मबाक सुलियाह,

अस्सलामु अलैकुम. तिकडे बालिकपापानला, ताई, तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही इकडे सगळे खुशाल. बोकडाचं मटण उरलं नाही, भात उरला, म्हणजे पोरीचं लग्न चांगलं झालं असं समज.

तू विचारलंस, व्हिडिओत सगळी माणसं विहिरीत पडून बोलल्यासारखी का वाटतात? पहिलं उत्तर असं की फोन स्वस्तातला होता. ते तुला पटणार नाही, माहीत आहे. म्हणून दुसरं सांगतो.

त्याचं नाव रिव्हर्ब. मोठ्या जागेत बोललं की आवाज भिंतींवर आपटून मागे रेंगाळतो ना, तो घुमारा. माझ्या सिंथेसायझरला भिंती नाहीत, बटणं आहेत. आधी जागा निवडायची, खोली की हॉल. मग घुमारा किती वेळ रेंगाळावा ते ठरवायचं आणि मूळ आवाजात तो किती मिसळायचा तेही. ढोलकीला कमी, बासला तर जवळजवळ नाहीच, नाहीतर सगळ्याचा चिखल होतो. बासरीला थोडा जास्त चालतो. इतकी वर्षं लग्नांत वाजवतोय, एवढं तरी कळतं मला.

आणि गाणाऱ्यांना काय हवं असतं तेही कळतं. आमच्या सरपंचांच्या बायको, बू एन्दांग, माईक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "पाक वोतो, अजून थोडा घुमू द्या ना!" मी म्हणायचो, "बू, घुमाऱ्यात बेसूर लपत नाही, लांबतो फक्त."

तर लग्नाआधी मी घरी निकाहच्या वाक्याचा सराव करत होतो. काझी म्हणाले होते, "वाक्य मी म्हणतो तुमच्या वतीने, बरेच बाप तसंच करतात." मी म्हटलं, "मुलगी माझी, तोंडही माझंच." वाक्य साधंच आहे, 'माझी मुलगी रात्री हिचा निकाह मी तुझ्याशी लावून देतो.' पण सरावात 'रात्री' या तिच्या नावापाशी आवाज अडकायचा. शेजारी भाताची गिरणी आहे, तिचा कोंडा उडतो.

म्हणून मी माईक कीबोर्डला जोडला आणि सगळ्यात मोठा हॉल लावला. घुमारा अगदी शेवटपर्यंत लांबवला. त्यात कुणाला काय कळणार?

सकाळी मांडवात जावयाचा, दानांगचा, हात हातात धरला आणि म्हणालो. मबाक, काय आवाज निघाला! 'देतो' संपलं तरी 'रात्री रात्री' मांडवभर फिरतच होतं. दानांगने लगेच, एका दमात 'कबूल' म्हणायचं असतं. बिचारा सभ्य पोरगा, सासरा बोलायचा थांबण्याची वाट बघत राहिला. काझी म्हणाले, "उशीर झाला. पुन्हा."

दुसऱ्यांदा त्याने घाई केली. माझा घुमारा आणि त्याचा घुमारा एकमेकांत मिसळले. एक साक्षीदार "साह!" म्हणाला, म्हणजे मान्य. दुसरे, आपले म्हातारे म्बाह सुरो, कानावर हात धरून म्हणाले, "कसलं साह? कोण कुणाशी लग्न करतंय तेच कळेना. मला वाटलं काझींनाच मुलगी दिली!"

काझी लाजले. लोक हसायला लागले. मागून बू एन्दांग ओरडल्या, "पाक वोतो! मला कधी एवढा दिला नाहीत!"

तिसऱ्यांदाही चुकलं तर लोक काय म्हणतील, याचीच मला धास्ती. तेवढ्यात आपली रात्री उठली. डोक्यावर मोगऱ्याच्या माळा, घट्ट नेसलेली बाटिक, त्यामुळे इवलाली पावलं टाकत थेट कीबोर्डपाशी गेली. लहानपणापासून माझ्या शेजारी स्टुलावर बसून वाढलेली पोर, तिला बटण शोधावं लागलं नाही. रिव्हर्ब पार शून्यावर आणला.

"बाबा," ती म्हणाली, "आपण हॉलमध्ये नाही. आपल्या अंगणात आहोत."

आणि जाऊन बसली.

मी पुन्हा सुरुवात केली. तिच्या नावापाशी थांबलो. माईक कोरडा, कोंबडासुद्धा आरवेना. दानांगने माझा हात दाबला. पोरगा चांगला आहे, मबाक. मग मी नाव घेतलं. जसं आलं तसं घेतलं. त्याने एका दमात कबूल केलं आणि म्बाह सुरो सगळ्यांच्या आधी म्हणाले, "साह!"

मी रडलो का, असं विचारलंस. ऑगस्टमध्ये इथे ऊन कसं असतं तुला आठवत असेल. बू एन्दांग काही वेगळं सांगतील, त्यांचं ऐकू नकोस.

आता कामाचं. दानांगला तुमच्याच गावात काम मिळालंय, गुरुवारच्या बोटीने दोघं निघतील. आपली रात्री मनातलं बोलत नाही. काही बिनसलं की जेवण कमी करते. भात तिसऱ्यांदा वाढूनही नको म्हणाली, तर समज. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. तिला मासे खारवलेले आवडतात, फार तिखट नको.

हे पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट नीट चिकटवलंय.

तुझा धाकटा भाऊ,
पर्वोतो

ता.क. रात्री बाळा, बोटीवर पाकीट उघडलंसच ना? आत्याला देण्याआधी पुन्हा चिकटव. पुढच्या शनिवारी केदिरीला लग्न आहे, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये. तिथे माईकला रिव्हर्ब किती ठेवू, ते फोन करून सांग.

मला माहीत आहे. तरी सांग.

बाबा