कडेच्या घरातला वाघ

रविवार, ८ जानेवारी १९७८

वाघ जिंकला! पुन्हा जिंकला! लागोपाठ तिसरा रविवार.

आजही यंत्र चन्नप्पाच होता. खरं यंत्र आम्हाला कोण दाखवतंय? गेल्या वर्षी पुण्याच्या सरांनी इथे सोलापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा संध्याकाळचा वर्ग घेतला, तो सगळा फळ्यावरच. चाळीस जण होते, उरलो तिघं — मी, टेलिफोन एक्स्चेंजमधला चन्नप्पा आणि श्रीपूरच्या साखर कारखान्यात केमिस्ट असलेला कुंडलिक. लोक रविवारी सिनेमाला जातात. आम्ही नव्या पेठेत चन्नप्पाच्या माडीवर बसून आपापले खेळ कुठवर आले ते एकमेकांना दाखवतो. यंत्रासाठी लिहिलेले खेळ, यंत्राशिवाय!

म्हणून आमच्यातलाच एक जण यंत्र होतो. नियम एकच. ज्याचा प्रोग्राम त्याने चालवायचा नाही. यंत्र झालेल्याने कागदावरची ओळ वाचायची, ती सांगते तेवढंच करायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. स्वतःची अक्कल खुंटीला टांगायची.

माझा खेळ वाघ-शेळीचा. लहानपणी टेंभुर्णीला आमच्या रानात मेंढरं बसायला यायची, तेव्हा केराबाई धनगरणीने शिकवलेला. एक वाघ, बाकी शेळ्या. वाघ उडी मारून शेळी खातो, शेळ्या वाघाला कोंडतात. वाघाच्या चाली माझा प्रोग्राम ठरवतो. खडूने आखलेला पट, चिंचोक्यांच्या शेळ्या, सोडा-बाटलीचं झाकण म्हणजे वाघ. शेळ्या कुंडलिककडे होत्या. हरला बिचारा. म्हणाला, "लई बेरकी हाय तुमचा वाघ."

चन्नप्पाची आई गोजाबाई दारात ज्वारी निवडत बसलेली असते. दोन पुरुषांत एकटी बाई नको म्हणून. तिला वाटतं आम्ही पोरखेळ करतो. करतो की!

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. दादाने तिळगूळ दिला आणि त्याच हाताने स्थळ पुढे केलं. टेंभुर्णीचंच. दोन ट्रक आहेत म्हणे. मी गोड बोलले. सणाचा दिवस होता.

रविवार, २२ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतून वाट काढत माडीवर पोचेपर्यंत जीव गेला. आज यंत्र मी. खेळ कुंडलिकचा — साखर कारखाना. खेळणाऱ्याने रोज सांगायचं, उसाच्या किती गाड्या बोलवायच्या. जास्त बोलावल्या तर ऊस यार्डात वाळतो, कमी बोलावल्या तर गाळप बंद. काय सुंदर कल्पना आहे! मला सुचली नसती.

पण चौथ्याच दिवशी त्याच्या हिशेबात गाड्या उणे निघाल्या. मी तसंच वाचून दाखवलं — आज उणे गाड्या आल्या. चन्नप्पा लोळून हसला. म्हणाला, जाऊ द्या की बाई, शून्य धरा आणि पुढे चला. मी म्हटलं, कागदावर शून्य धरा असं कुठे लिहिलंय? कुंडलिकचं तोंड एवढंसं झालं. पण तिथेच बसून त्याने ती ओळ दुरुस्त केली. दुसऱ्या फेरीत कारखाना पाडव्यापर्यंत चालला.

चन्नप्पाचा स्वतःचा खेळ अजून पाच ओळींवरच आहे. त्याला लिहायचा कंटाळा. दुसऱ्याचं चालवायला आवडतं.

मंगळवार, ३१ जानेवारी

सर आज सोलापुरात होते, शाळेत निरोप पाठवून बोलावून घेतलं. पुण्यात त्यांच्याकडच्या यंत्रावर २६ फेब्रुवारीला अर्धा तास देणार आहेत. तिघांतला एकच खेळ. आणि ज्याचा खेळ चालेल त्याला त्यांच्या विभागात घेणार, जूनपासून. शिकाऊ म्हणून का होईना — यंत्राजवळ!

म्हणजे पुणे. म्हणजे दादाच्या घरातली ही मधली खोली नाही. सातवीच्या मुलींना त्रैराशिक नाही. ट्रकवाला नाही.

घरी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की विटाळतं.

रविवार, ५ फेब्रुवारी

ठरलं. माझा वाघ जाणार.

दोघांना सरांचं म्हणणं सांगितलं आणि वाघ तीन वेळा चालवला. तिन्ही वेळा यंत्र चन्नप्पा. कुंडलिकने शेळ्या वेगवेगळ्या तऱ्हेने लावल्या, एकदा तर वाघाला पार कडेला रेटला, तरी वाघ निसटलाच. कुंडलिकने आपण होऊन सांगितलं, माझा कारखाना पुढच्या साली, बाईंचा वाघ जाऊ द्या. त्यालाही श्रीपूर सोडायचं आहे हे मला ठाऊक आहे. मी एका शब्दाने नको म्हटलं नाही. बाई, स्वार्थी आहेस तू.

गोजाबाईने साखर जास्त घालून चहा दिला.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी रजा दिली. कारण विचारलं तेव्हा लग्नाचं बघायला जायचं म्हणून सांगितलं. लगेच मिळाली!

सोमवार, २७ फेब्रुवारी

लिहू की नको. लिहिते.

खोली थंडगार होती. चपला बाहेर काढायच्या. मी आधी पाठवलेल्या प्रोग्रामवरून भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा तिथल्या मुलींनी तयार करून ठेवला होता. यंत्राने तो घडाघडा गिळला. मग एक टाइपरायटर आपोआप वाजायला लागला आणि कागदावर माझ्या वाघाने विचारलं — तुमची चाल? मी लिहिलेले शब्द! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर बघत होते म्हणून खोकल्याचं सोंग केलं.

पहिली चाल. दुसरी. वाघाने एक शेळी खाल्ली. मी शेळ्यांनी वाघाला कडेच्या घरात नेलं आणि थांबले. काही उमटेना. दिवे लुकलुकत होते, कागद कोरा. सर म्हणाले, थांबा, विचार करत असेल. कसला विचार! तिथल्या माणसाने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि बटण दाबून बंद केलं. एकाच जागी गरगर फिरतंय म्हणाला. आमच्यानंतर दुसऱ्यांची वेळ होती.

सर चांगले आहेत. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तीनदा चालवून पाहिलं म्हणता, मग ही वाट तुमच्या नजरेतून सुटली कशी?" चूक सापडली की कळवा, म्हणाले. जागा जूनपर्यंत भरायची नाहीये.

परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. भिगवणपासून रडले. शेजारची बाई विचारत होती, कोण वारलं?

बुधवार, १ मार्च

दादा म्हणाला, पुण्याचं खूळ उतरलं ना, आता पाडव्यापर्यंत काय ते सांग. ते लोक थांबायचे नाहीत.

रविवार, ५ मार्च

माडीवर गेले नाही. दार लावून स्वतःच यंत्र झाले. नियम मोडला, मोडू दे.

वहिनीचे चिंचोके घेतले. ओळ वाचली, तेवढंच केलं. ओळ वाचली, तेवढंच केलं. वाघ कडेच्या घरात आला. खायला शेळी नाही. कागद म्हणतो, उजवीकडचं रिकामं घर शोध. कडेला उजवीकडे घरच नाही. नसेल तर? पुन्हा शोध. नसेल तर? पुन्हा शोध. डावीकडे बघ असं मी कुठे लिहिलेलंच नाही!

सापडलं म्हणून आधी आनंद झाला. मग मागचे रविवार आठवले. हे तर दर रविवारी व्हायला हवं होतं. वाघ दर वेळी कडेला जायचाच, आणि दर वेळी छान डावीकडे सरकायचा.

कोण सरकवायचं?

रविवार, १२ मार्च

गेले. चपलाही काढल्या नाहीत, कागद त्याच्यापुढे टाकला आणि म्हटलं, या ओळीवर तुम्ही काय करत होता?

चन्नप्पाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. गोजाबाईने ज्वारी निवडायची थांबवली.

मग म्हणाला, "पहिल्या रविवारी वाघ अडकला तेव्हा तुमचा चेहरा बघितला, बाई. मला बघवलं नाही. एकदाच म्हणून डावीकडे सरकवला. मग दर वेळी सरकवावा लागला."

मला बघवलं नाही! माझ्यावर उपकार! मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की म्हटलं, चूक दाखवली असती तर चहा निवायच्या आत दुरुस्त केली असती. कुंडलिकला मी दाखवली, तो मेला का? त्याला चूक दाखवायची आणि मला गोंजारायचं, का? मी बाई म्हणून?

कागद उचलला आणि निघाले.

कुंडलिक जिन्यापर्यंत मागे आला. हळूच म्हणाला, "चन्नप्पा मधी मधी कागद न वाचताच खेळायचा की. मला वाटलं तुमास्नी ठाव हाय." म्हणजे यालाही दिसलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. मला सोडून!

नव्या पेठेतून चालत घरी आले. रिक्षावाला ओरडला, मरायचंय का? त्याला काय सांगायचं?

शुक्रवार, १७ मार्च

मुलींच्या परीक्षेवर देखरेख. तीन तास नुसती खुर्ची. मनात एकच — तो वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं. नीट शिव्या तरी देता आल्या असत्या.

रविवार, १९ मार्च

सरांना लिहायला बसले. जमलं नाही.

चूक सापडली हे एका ओळीत लिहिता येतं. पण त्यांनी विचारलं होतं, सुटली कशी? खरं लिहावं तर चन्नप्पाचं नाव येणार. त्याने लबाडी केली असं होणार, आणि सर त्याला पुन्हा दारात उभं करायचे नाहीत. खोटं लिहावं तर मी आंधळी ठरते. कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला.

एवढा राग आहे त्याच्यावर, आणि त्यालाच पाठीशी घालतेय. माझं मलाच हसू आलं. हसू कसलं.

रविवार, २६ मार्च

दोन ओळी वाढवल्या. डावीकडे बघ. तेही नसेल तर हरलो म्हण. झालं! एवढंच होतं. स्वतः चालवून पाहिलं. वाघ कडेला जातो, वळतो, निसटतो. कधी अडकतो, तेव्हा निमूट हरलो म्हणतो. शहाणा झाला माझा वाघ.

ठरवलं — लिहायचं नाही, पेपर तपासून संपले की स्वतः पुण्याला जायचं. समोर बसून सांगता येतं. कुणाचं नाव न घेता सांगता येतं. सर समजून घेतील. जूनला वेळ आहे.

दादाला म्हटलं, टेंभुर्णीकरांना थोडं थांबायला सांग. वहिनी म्हणाली, सत्तावीस संपलं, आता कोण थांबतंय?

रविवार, २ एप्रिल

पेपर, पेपर, पेपर. उद्या-परवात संपतील. शनिवारच्या गाडीने जाईन.

माडीवर अजून जात नाही. कुंडलिक शाळेजवळ भेटला होता. चन्नप्पा जेवत नाही म्हणाला. न जेवू दे. (दोन दिवसांनी जाऊन येईन. किती ताणायचं?)

गुरुवार, ६ एप्रिल

शाळा सुटली तेव्हा चन्नप्पा फाटकाशी उभा होता. दाढी वाढलेली. माझ्यासाठी म्हणून त्याने एक्स्चेंजमधून सरांना पुण्याला ट्रंककॉल लावला होता. बाईंचा दोष नाही, मी चुकीचं चालवलं, सगळं कबूल केलं. चूक कुठल्या ओळीत, वाघ तिथे का फिरत राहतो, काय लिहिलं की सुटतो — तेही सांगितलं. आज सरांचा उलटा फोन आला. म्हणाले, दुसऱ्याच्या कामातली चूक इतकी नेमकी पकडणारा माणूसच आम्हाला हवा होता. जूनपासून या. जागा चन्नप्पाला दिली.

त्याला रडू आवरेना. फाटकाशी, पोरींसमोर. "नाही म्हणून सांगू का, बाई? तुम्ही सांगाल तसं."

मी म्हटलं, जा.

घरी येऊन दादाला सांगितलं, टेंभुर्णीला होकार कळवून टाक. वहिनीने हातावर साखर ठेवली.