क्लच नसलेल्या गाडीचं तेल

प्रिय शहाणे,

परीक्षेला परत बसत नाहीस तोवर तोंड दाखवू नकोस, पत्रही पाठवू नकोस, असं तू बजावलं होतंस. परीक्षेला बसलेलो नाही. तरी लिहितोय. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि हे सांगायला दुसरं कुणी तयार नाही. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

सध्या मी गॅरेजमध्ये असतो. सरांच्या टेबलावर वही आपटून वर्गाबाहेर पडलो त्या दिवशी वाटलं होतं, तू मागून येशील. तू खिडकीतून नुसतं पाहिलंस. ती खिडकी आठवली की अजून हातातला पाना निसटतो. मिस्त्री म्हणतात, "प्रेमभंग घरी ठेवून येत जा बाबा, इथे बोटं जातात."

महिन्यापूर्वी तुझे बाबा आले. टेम्पोत तुमच्या परसातली ती जुनी मोटरसायकल, तुझ्या आजोबांनी हौसेनं घेतलेली, क्लच नसलेली. बाबा तिला आयुष्यभर टिंगलीनं शिलाई मशीन म्हणत आले ना? मला वाटलं, मला बघून टेम्पो वळवतील. मागच्या खेपेला त्यांनी मला फाटकातूनच हाकललं होतं. पण डावा हात खिशात घालून उभे राहिले आणि सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारखं म्हणाले, "तूच का? बरं. चालू करून दे." मिस्त्रींना नाही, मला. शहाणे, त्याच क्षणी मी मनातल्या मनात तुमचा जावई होऊन मोकळा झालो.

इंजिन आठवड्यात बोलायला लागलं. घोडं अडलं तेलावर. या गाडीत क्लचचं काम तेल करतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल समोरचा पंखा फिरवतं आणि चाक हलतं. दोन पंखे एकमेकांना शिवतही नाहीत. तुझ्यामाझ्यासारखंच म्हणालो असतो, पण आपल्या मधे हल्ली तेलसुद्धा उरलेलं नाही.

मिस्त्री म्हणाले, तिच्या वयाचं, साधं लाल तेल शोध. मी ऐकतोय होय? तुझ्या बाबांच्या गाडीला साधं कसं घालू? दुकानातला सगळ्यात भारी, नव्या जातीचा डबा आणला आणि मिस्त्री जेवायला गेल्यावर ओतला. दोन दिवसांत गाडीखालच्या पुठ्ठ्यावर तेलाचे ठिपके. इतकं पातळ तेल, वाळलेल्या रबरी सीलमधून सरळ वाट काढत होतं. मी ठिपके पुसले, पुठ्ठा बदलला आणि बाबांना मागे बसवून टेकडीच्या रस्त्यावर नेलं. अर्ध्या चढावर तेल कमी पडलं, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. पानवाल्यापासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळे बघायला लागले. बाबा मागून म्हणाले, "अगदी तुझ्यासारखी आहे. आवाज भरपूर, पुढे सरकायचं नाव नाही." कान तापले माझे. पण त्यांनी मला एकाच हातानं धरलं होतं, दुसरा खिशातच होता. म्हणून त्यांना आधी सावकाश उतरवलं आणि गाडी ढकलत खाली आणली.

मिस्त्रींना सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसती रिकामी बादली पुढ्यात सरकवली. पंख्यांच्या पोटातलं तेल एका दमात निघत नाही, बरंचसं आतच राहतं. तीनदा काढलं, भरलं, इंजिन फिरवलं, पुन्हा काढलं. सील नवे बसवले. साधं तेल शेवटी जुन्या ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात मिळालं, मागच्या फळीवर, धुळीत. दुकानातल्या मावशींनी विचारलं, कुणासाठी एवढा जीव टाकतोयस? "सासऱ्यांसाठी," म्हणालो. माफ कर, तोंडून निघून गेलं.

काल मी एकट्यानंच नेली तेव्हा त्याच चढावर गाडी पाण्यावरून होडी जावी तशी वर गेली. वरून तुझ्या शहराकडे जाणारा रस्ता दिसतो. तिथे बराच वेळ थांबलो. तू पाहायला हवं होतंस.

आता खरं. बाबांचा डावा हात चालत नाही. तुझी परीक्षा सुरू झाली त्याच आठवड्यात त्यांच्या हातातून कप पडला, त्यानंतर तो हात नीट मिटलेला नाही. तुझी परीक्षा म्हणून लपवलं, मग लपवायची सवयच पडली. काकू फोनवर "फिरायला गेलेत" म्हणतात तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात. जीभ अडखळते, ती तुला ऐकू जाऊ नये म्हणून. डाव्या हातानं क्लच दाबता येत नाही, म्हणून ही गाडी. रविवारी ते एकटे तुझ्या वसतिगृहावर यायला निघणार आहेत, चार तासांचा हमरस्ता, आपल्याला काही झालेलं नाही हे तुला दाखवायला. काकूंनाही पत्ता नाही. तुला कळलं तर मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, असं बजावलंय. आणि गाडी तर मी उत्तम करून ठेवलीय. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम पुरं केलं आणि ते दडवून बसलोय. त्यांना सांगितलंय, तेल अजून मिळालेलं नाही. हे खोटं शनिवारपर्यंत कसंबसं टिकेल. शुक्रवारच्या बसनं ये. माझ्यासाठी येऊ नकोस, मला कळवूही नकोस. सरळ घरी जा आणि त्यांच्या डाव्या बाजूला बस.

तुझाच,
तू नको म्हणालीस तरी